मित्राची पहिली रहस्यकादंबरी कशी वाचावी आणि फोनवर तिच्याविषयी कसे लिहावे

मित्राचा पहिला कवितासंग्रह आला तर काय करायचे हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. प्रकाशनाला जायचे, प्रत विकत घ्यायची, दोन-तीन कविता आवडल्याचे आवर्जून सांगायचे. रहस्यकादंबरीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. कवितासंग्रह कुठूनही उघडून कितीदाही वाचता येतो. रहस्यकादंबरी अजाणतेपणी वाचण्याची संधी प्रत्येक वाचकाला एकदाच मिळते, आणि खुनी कोण हे कळल्यानंतर, ते माहीत नसताना आपल्याला काय काय वाटत होते, हे प्रामाणिकपणे आठवून सांगणे जवळजवळ अशक्य असते. लेखकाला नेमके तेच ऐकायचे असते, कारण रहस्य त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असल्यामुळे वाचक कुठे फसला, कुठे सावध झाला आणि कुठे कंटाळला हे त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही. म्हणून वाचताना मनात येणारे अंदाज त्या त्या वेळीच फोनवर नोंदवावेत आणि पुढचे सगळे लेखन त्या नोंदींच्या आधारे करावे, असे माझे सांगणे आहे.

पहिले काम रहस्य सांभाळण्याचे. आपल्याकडच्या प्रकाशन समारंभात भाष्यकार कथानक सविस्तर सांगतात. त्यामागे लेखकाविषयीची आपुलकीच असते, पण रहस्यकादंबरीची त्यामुळे पुरती वाट लागते. शक्य असल्यास समारंभाआधीच प्रत मिळवून वाचून टाकावी, आणि ते जमणार नसेल तर भाष्य सुरू होताच चहाच्या निमित्ताने सभागृहाबाहेर पडून सत्काराच्या वेळी परत यावे. जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या सूचना काही दिवस बंद ठेवाव्यात, कारण तिथे कोणीतरी उत्साहाच्या भरात खुन्याचे नाव लिहितोच. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना शेवटी वाचावी. कोणी पीडीएफ पाठवली तर ती उघडू नये आणि पुढे तर मुळीच पाठवू नये. मित्राने भेट म्हणून प्रत दिली असली तरी एक प्रत दुकानातून विकत घेऊन दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.

पुस्तक उघडण्यापूर्वी फोनची थोडी तयारी करून ठेवावी. नोंदींसाठी वेगळे ॲप घेण्याची गरज नाही. व्हॉट्सॲपवर २०२२ च्या अखेरीस स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय आली, आणि या कामासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही, असे माझे मत आहे. तिथे प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ आपोआप उमटते. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आतच बदलता येतो आणि बदलला तर तशी खूणही दिसते. ‘मला आधीच कळले होते’ असे नंतर म्हणण्याची सवय आपल्या सर्वांना असते, आणि या व्यवस्थेत तिला फारसा वाव राहत नाही. फक्त स्वतःचे हे खाते यादीत सर्वांत वर पिन करून ठेवावे, नाहीतर ‘डॉक्टरच खुनी’ हा संदेश चुकून नेमका लेखकाला किंवा सोसायटीच्या ग्रुपला जायचा. ज्यांना व्हॉट्सॲप नको असेल त्यांनी कीपसारखे टिपणाचे ॲप वापरावे, पण प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला दिनांक स्वतः लिहावा.

आता नोंद कशी असावी हे एका काल्पनिक कादंबरीच्या आधाराने पाहू. गोदाकाठचे एक गाव आहे, पडझड झालेली गढी आहे, मे महिना आहे, आणि घरातले वडीलधारे बापूसाहेब भर दुपारी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, मृत सापडतात. घरात चुलतभाऊ आहे, जुना कारभारी आहे, शहरातून सुट्टीसाठी आलेला डॉक्टर पुतण्या आहे, आणि गावात पोलीस पाटील आहेत. अशा कादंबरीचे प्रकरण संपले की एक-दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नये:

‘प्र. ४, पृ. ५१. संशय चुलतभावावर. सात-बाऱ्याचा विषय निघाला की उठून जातो.’

‘प्र. ७, पृ. ८८. डॉक्टर खरे बोलतो असे वाटते. जिन्याची किल्ली कोणाकडे होती ते आठवत नाही.’

‘प्र. ९, पृ. ११७. तात्या म्हणजे कारभारी की चुलतभाऊ? मागे जाऊन पाहावे लागले.’

यांतली पहिली नोंद संशयाची आहे आणि संशय कशामुळे आला हे तिच्यात सांगितले आहे. हे कारण नसेल तर नोंदीचा काही उपयोग नाही. दुसरी नोंद विस्मरणाची आहे. किल्लीचा उल्लेख लेखकाने तिसऱ्या प्रकरणात केला असेल आणि तो वाचकाच्या ध्यानातच राहिला नसेल, तर शेवटी किल्लीवरून रहस्य उलगडताना वाचकाला दचकण्याऐवजी पाने चाळावी लागतात, आणि हे लेखकाला वाचकाखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही. तिसरी नोंद गोंधळाची. मराठवाड्यातल्या एकत्र कुटुंबाची कादंबरी म्हटली की अण्णा, तात्या, नाना, आबा ओळीने येतात. लेखकाच्या डोळ्यांसमोर त्यांचे चेहरे असतात, वाचकाकडे फक्त दोन अक्षरे असतात.

या नोंदी करताना रहस्यकथेचा एक जुना संकेत लक्षात ठेवल्यास निरीक्षण अधिक नेमके होते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यांपैकी काही आज गमतीचे वाटतात, उदाहरणार्थ गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त असू नये. गढीत घडणाऱ्या कादंबरीला हा नियम जड जाईल. पण दोन नियम अजूनही पक्के आहेत. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, आणि शोध घेणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. वाचून झाल्यावर आपल्या नोंदी समोर ठेवून या दोन कसोट्या लावून पाहाव्यात. खुन्याचे नाव आपल्या नोंदींत एकदाही आले नसेल तर दोनच शक्यता उरतात: लेखकाने त्याला फार कुशलतेने लपवले आहे, किंवा त्याला पुरेसे दाखवलेच नाही. यांतले काय झाले हे दुसऱ्या वाचनात कळते.

पहिल्या वाचनाच्या काळात लेखकमित्र रोज संध्याकाळी ‘कुठपर्यंत आलास रे?’ असा संदेश पाठवील. त्याला फक्त पृष्ठ क्रमांक कळवावा. ‘मस्त चाललंय’ असे लिहिले की तो ‘काय वाटतं, कोण असेल?’ असे विचारणार, आपण अंदाज सांगणार, आणि त्याच्या नुसत्या हसऱ्या चिन्हावरून आपला अंदाज बरोबर की चूक हे कळून जाणार. सलग वाचन झाले तर उत्तम. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्याला एक अख्खी रात्र मिळते, आणि डब्यातले दिवे मालवल्यावर फोनच्या उजेडात वाचण्यापेक्षा तिथेच थांबून एक अंदाज लिहून झोपावे. अर्धवट सोडलेल्या प्रकरणावर रात्रभर झालेला विचार सकाळी नोंदवला तर ती नोंद सगळ्यांत बोलकी निघते.

दुसरे वाचन खुनी माहीत झाल्यानंतरचे, आणि माझ्या मते आनंदही यातच जास्त आहे. आता प्रत्येक संवादाचा दुसरा अर्थ दिसू लागतो. डॉक्टर पुतण्याने पहिल्याच प्रकरणात ‘काकांना ऊन सोसत नाही’ असे का म्हटले, कारभाऱ्याने पाण्याचा तांब्या ओसरीवर का ठेवला, ढेलजेतला, म्हणजे दरवाजालगतच्या देवडीतला, कुत्रा त्या दुपारी का भुंकला नाही, हे सारे नव्याने वाचता येते. या वेळी नोंदींचा दुसरा गट सुरू करावा आणि त्यात तपशिलांची तपासणी करावी. आपण मराठवाड्यातले आहोत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला न खटकणाऱ्या गोष्टी आपल्याला खटकतात, आणि ही मदत मित्राला आपणच करू शकतो.

कागदपत्रांचेच उदाहरण घ्या. गढीच्या रहस्यात जुना दस्तऐवज हमखास येतो. तो १९४८ पूर्वीचा असेल आणि कादंबरीतला नायक तो पेटीतून काढून सरळ घडाघडा वाचू लागला असेल, तर तिथे थांबून पृष्ठ क्रमांक लिहावा. निजामाच्या राजवटीतील सरकारी कागद उर्दूत असत, गावपातळीवरचे आणि खासगी व्यवहाराचे काही कागद मोडीत असत, आणि त्यांवरचे साल पुष्कळदा फसली, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या सनाचे, असे. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. व्यवहाराची रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, असायची, आणि सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, असा हिशेब होता. हा तपशील चुकला तर दोष निघतो खरा, पण तो सापडला तर मित्राच्या हाती एक अस्सल धागा लागतो, कारण कागदावरचे साल चुकीचे वाचले गेल्यामुळे वारसाहक्काचा सगळा संशय भलत्याच माणसावर जावा, ही घटना फक्त आपल्याच मुलखातल्या कादंबरीत घडू शकते.

पोलीस तपासाचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले. कादंबरीतला गुन्हा त्या तारखेनंतरचा असेल तर फिर्यादीत १०३ हवे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र ३०२ च लागते. हवालदाराच्या तोंडी अजूनही ‘तीनशेदोन लागणार’ असे वाक्य असेल तर त्याला चूक म्हणू नये, बोलण्यातले कलम इतक्या लवकर बदलत नाही. मृत्यू संशयास्पद असला तरी खुनाचा पुरावा नसताना पोलीस आधी आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनासाठी जाते आणि गरज वाटल्यास व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठीचे अंतर्गत अवयव, राखून ठेवला जातो; पहिल्याच पानावर खुनाचा गुन्हा दाखल झाला असेल तर तो कशाच्या आधारे, हे विचारावे. गावात पोलीस पाटील हे पद असताना बातमी थेट तालुक्याच्या ठाण्यात कशी पोहोचली, हेही विचारण्यासारखे आहे. आणि मे महिन्यातल्या मराठवाड्यात, पारा चाळीसच्या वर असताना, प्रेताला येणारा ताठरपणा लवकर येतो आणि लवकर ओसरतो. थंड देशांतल्या कथांमधले तासांचे गणित इथल्या माळवदावर लागू पडत नाही, आणि साऱ्या कादंबरीचा डोलारा मृत्यूच्या वेळेवर उभा असेल तर हा मुद्दा लेखकाला कळलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. फोनवर दीर्घ मजकूर लिहिता येत नाही हा समज खरा नाही, पण कळफलकाची ओळख करून घेतल्याशिवाय ते सुखाचे होत नाही. गुगलच्या जीबोर्ड या कळफलकात मराठी जोडताना देवनागरी कळा, इंग्रजी अक्षरांतून मराठी आणि बोटाने गिरवून लिहिणे असे पर्याय मिळतात. ज्याला जो हाताशी बसेल तो घ्यावा, त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. पात्रांची नावे वैयक्तिक शब्दकोशात एकदा घालून ठेवली की ‘बापूसाहेब’ दर वेळी पूर्ण लिहावे लागत नाही. मजकुरात मागे जाऊन एखादे अक्षर दुरुस्त करायचे असेल तर बोटाने नेम धरण्याऐवजी स्पेसच्या लांब कळेवर बोट आडवे सरकवावे, कर्सर अक्षराअक्षराने सरकतो. कळफलकाच्या क्लिपबोर्डवर कॉपी केलेला मजकूर तासाभराने निघून जातो, म्हणून महत्त्वाचा उतारा तिथे पिन करावा.

बोलून टंकलेखन करणे पहिल्या खर्ड्यासाठी फारच सोयीचे आहे, आणि ज्यांना अंगठ्याने लिहिण्याचा कंटाळा येतो त्यांनी ते जरूर वापरावे. मात्र रहस्यकादंबरीविषयी बोलताना त्याच्यावर नजर ठेवावी लागते. आपल्या बोलण्यात पुष्कळदा ‘ण’चा ‘न’ होतो, आणि मग ‘दारावरची खूण’ सांगावी तर पडद्यावर ‘दारावरचा खून’ उमटतो. ‘सुऱ्याने वार केला’ याचे ‘सूर्याने वार केला’ झाले तर मे महिन्यात तेही खपून जाईल, पण लेखकाला ते आवडणार नाही. म्हणून ‘ऱ्य’ असलेले शब्द आणि ‘ण-न’च्या जोड्या शेवटी एकदा मुद्दाम शोधून पाहाव्यात. विरामचिन्हे हातानेच घालावीत. गाडीत किंवा आडगावी, जिथे नेटवर्क येते-जाते, तिथे बोलून लिहिण्यावर विसंबू नये.

ज्या चौकटीत मजकूर प्रसिद्ध करायचा त्या चौकटीत तो थेट लिहू नये. चुकून मागे जाण्याची खूण दाबली गेली किंवा फोन आला की सगळे लिहिलेले पुसले जाण्याचा धोका असतो, आणि त्याहून मोठा धोका अर्धवट मजकूर पाठवला जाण्याचा. टिपणाच्या ॲपमध्ये खर्डा करावा, अक्षरे मोठी करून वाचावा, आणि एकदा मोठ्याने वाचून पाहावा. फोनवर लिहिलेल्या मजकुरात एक विशिष्ट दोष दिसतो: पडदा लहान असल्यामुळे मागचे वाक्य दृष्टीआड होते आणि तोच मुद्दा दोन परिच्छेदांत दोनदा येतो. मोठ्याने वाचताना तो लगेच सापडतो.

इतरांसाठी लिहिताना किती सांगावे, याविषयी माझा निकष सोपा आहे. पुस्तकाच्या पहिल्या चौथाईत जे घडते तेवढे सांगावे, त्यापुढचे काही सांगू नये. ‘शेवटी जबरदस्त धक्का बसतो’ हेही लिहू नये, कारण त्यानंतर वाचक प्रत्येक पानावर धक्क्याचीच वाट पाहतो आणि साध्यासुध्या पात्रांवर संशय घेऊ लागतो. ‘कारभाऱ्याची व्यक्तिरेखा विशेष लक्षात राहते’ हे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण रहस्यकादंबरीत कोणा एकाची अशी वेगळी स्तुती केली की चाणाक्ष वाचकाला पुरेसे कळते. याउलट असे लिहिता येईल: ‘पहिल्या शंभर पानांत मेच्या उन्हाचे वर्णन असे अंगावर येते की अशा वेळी माळवदावर कोणी का चढले असेल, हा प्रश्न लेखकाने विचारण्याआधी वाचकालाच पडतो.’ यात स्तुती आहे, कथेची चव आहे आणि रहस्य जागच्या जागी आहे. पानाचे छायाचित्र टाकायचे असल्यास ते मोठे करून पाहावे, शेजारच्या पानावरची ओळही वाचता येत असते. टेलिग्रामवर मजकुराचा एखादा भाग झाकून पाठवण्याची सोय आहे, व्हॉट्सॲपवर ती नाही. तिथे रहस्याची चर्चा फक्त पुस्तक वाचलेल्यांच्या वेगळ्या ग्रुपमध्ये करावी.

लेखक आपला मित्र आहे हे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावे. ते लपवले तर पुढची सगळी स्तुती संशयास्पद ठरते, आणि सांगितले तर एखादा दोष दाखवण्याचा अधिकारही मिळतो. दोष एकच, पण खरा असावा, आणि तो रहस्याला धक्का न लावता सांगता येण्यासारखा असावा: नावांचा गोंधळ, मधल्या प्रकरणांतला रेंगाळलेला वेग, सगळ्या पात्रांच्या तोंडी एकसारखी पुस्तकी भाषा. बीडचा कारभारी आणि शहरात शिकलेला पुतण्या एकाच धाटणीचे बोलत असतील तर ते जरूर लिहावे. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकासाठी सविस्तर परीक्षण लिहायचे असेल तर फोनवरचा खर्डा ईमेलने स्वतःला पाठवून शेवटचा हात संगणकावर फिरवावा.

मित्राला द्यायच्या गोष्टी याहून वेगळ्या. प्रकाशनाच्या आठवड्यात त्याला फक्त आनंद घेऊ द्यावा. गडबड ओसरल्यावर आपल्या पहिल्या वाचनाच्या नोंदी जशाच्या तशा, चुकीच्या अंदाजांसह, त्याच्याकडे पाठवाव्यात. त्या सुधारून किंवा शहाणपणाची भर घालून पाठवू नयेत. खुनी पाचव्याच प्रकरणात ओळखला असेल तर कोणत्या पृष्ठावर आणि कशावरून, एवढेच सांगावे. शेवट कसा असायला हवा होता हे छापून आलेल्या पुस्तकाच्या लेखकाला सांगण्यात अर्थ नाही. मुद्रणदोष आणि तपशिलाच्या चुका यांची यादी मात्र पृष्ठ आणि ओळ लिहून स्वतंत्र द्यावी, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो ती सरळ प्रकाशकाकडे पाठवू शकेल.

त्यानंतर बहुधा तो दुसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित वाचायला देईल. ते घेण्यापूर्वी विचार करावा, कारण हस्तलिखितावर मदत करणारा वाचक त्या पुस्तकाचा अजाण वाचक पुन्हा होऊ शकत नाही. तपशील तपासण्यासाठी आपली गरज असेल तर हस्तलिखित घ्यावे आणि अंदाज लिहून ठेवण्याचे काम मित्रमंडळींतल्या दुसऱ्या कोणाला द्यावे.